तोरणाखालचा ट्रॅक्टर

माझ्या ट्रॅक्टरइतका देखणा ट्रॅक्टर त्या काळी नागपूरच्या अख्ख्या धरमपेठेत नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो. आता धरमपेठेत ट्रॅक्टर होते तरी किती, असं आमची प्रेमिला मधेच विचारते. एकच होता. पण देखणा होता की नाही?

कळमेश्वरकडच्या एका संत्र्याच्या बागेत तो गोठ्यामागे पडून होता. विलायती, आमच्या लग्नाच्याही आधीचा. सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. कोंबडीला उठवून मी त्याला घरी आणला. रोज कचेरीतून आलो की शर्ट काढायचा आणि त्याच्याखाली शिरायचं. गंज खरवडला, इंजिन उघडून पुन्हा बसवलं, लाल रंगाचे हात मारले. एका रविवारी हँडल फिरवलं आणि तो असा धडाडला की शेजारचे गणपतराव अर्ध्या अंघोळीतून रस्त्यावर आले. मला आनंदाने रडू फुटलं. प्रेमिलालाही फुटलं, कारण सगळा धूर तिच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेला होता.

शेती म्हणाल तर आमच्याकडे तुळशीच्या कुंडीएवढी. त्यामुळे मी संध्याकाळी ट्रॅक्टरवर बसून चौकात पान खायला जायचो. लोक बाजूला व्हायचे. काय सांगू, राजा असल्यासारखं वाटायचं.

या सुखात एकच खडा होता, तो म्हणजे माझे सासरे चंपतराव. कुहीला त्यांची धानाची शेती आणि दारात देखणी बैलजोडी. माझे साडू देवराव ठेकेदार, त्यांच्याकडे जीप. चंपतराव जीपला 'गाडी' म्हणायचे आणि माझ्या ट्रॅक्टरला 'भंगार'. देवरावांना 'देवरावजी' म्हणायचे आणि मला 'आमच्या प्रेमिलाचे ते'.

तेव्हा मी ठरवलं. यंदा पोळ्याला ट्रॅक्टर घेऊनच सासुरवाडीला जायचं. भर गावात त्याची ताकद दाखवायची आणि भंगार हा शब्द सासऱ्यांच्या तोंडून कायमचा काढायचा.

प्रेमिला एस.टी.ने गेली. मी सकाळीच ट्रॅक्टर काढला. उमरेड रोडवर सायकलवाले मागून यायचे, माझी विचारपूस करायचे आणि पुढे निघून जायचे. मी कुहीला टेकलो तोवर प्रेमिला जेवून, झोपून, चहा पिऊन मैत्रिणींकडेही जाऊन आली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आपल्याकडे त्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, वाटी घेऊन गोठ्यापाशी उभ्या होत्या. मी ट्रॅक्टर नेऊन बैलांच्या शेजारी लावला.

"मामाजी, उद्या हा तोरणाखाली उभा करायचा."

"तोरणाखाली बैल उभे राह्यते. भंगार नाई."

मी तयारीतच होतो. "बैल काय करतो? नांगर ओढतो, गाडी ओढतो. हाही तेच करतो. मग हा बैलच नाही का?"

चंपतरावांनी विडी विझवली. "बैलच म्हनता?"

"बैलच."

"मंग बैलाचे सारे नेम याले लागन."

"लागू द्या की," मी म्हणालो. वकिली करावी तर अशी, असं मला वाटलं.

सासूबाई ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आल्या. "जवाईबापू, याचा खांदा कुठं हाये?"

मी चाकांवरचे पत्रे दाखवले. माझ्या नव्या लाल रंगावर त्यांनी हळद-लोणी मनापासून चोळलं. मग त्याच्या पुढच्या दिव्याकडे बघून हात जोडले. "उद्या जेवाले या बरं."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सगळे बैल झुली घालून, शिंगांना बेगड लावून उभे होते, आणि त्यांच्यात झेंडूच्या माळा घालून माझा ट्रॅक्टर. चंपतरावांचा डावा बैल चाकावरचं लोणी चाटत होता. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल घराकडे निघाले. मी ऐटीत हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं, तरी काही नाही. लोक हसू लागले म्हणून सगळा जीव एकवटून मारलं, आणि बंदूक सुटावी तसा आवाज करत तो सुरू झाला.

त्यानंतर जो फुटला तो खरा पोळा! बैल पुढे, झुली मागे, कासऱ्याला लटकलेले मालक त्याच्याही मागे. चंपतराव आपल्या जोडीसोबत पाटलांच्या परसातून, वांग्यांच्या वाफ्यातून निघून कुठे दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा टोपी नव्हती.

"बैल हाये," ते मला म्हणाले. "पन मारका हाये."

घरी सासूबाईंनी बैलांना पुरणपोळी भरवली. ट्रॅक्टरचं तोंड कोणतं यावर बायकांत थोडी चर्चा झाली आणि एक पोळी रेडिएटरच्या जाळीत खोचण्यात आली. तेवढ्यात बातमी आली की नागपुराहून येता येता देवरावांची जीप गावाबाहेर नाल्याच्या चिखलात रुतली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साखळी घेतली, ट्रॅक्टर काढला, थेट नाल्यावर. सगळा गाव मागे. जीप अर्ध्या चाकांपर्यंत आत, आणि सफारी सूट घातलेले देवराव टपावर चढून बसलेले. चंपतरावही आले. मनासारखं जुळून आलं होतं. मी वाकून साखळी अडकवू लागलो.

"थांबा," चंपतराव म्हणाले. "काय करून राहिले?"

"जीप ओढतो ना, मामाजी."

"आज पोळा हाये. आज बैल जुपत नाई."

"पण हा ट्रॅक्टर आहे!"

"काल त बैल होता."

गावाने माना डोलावल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या माझ्यावरच चिडल्या. "माह्या हातची पुरनपोळी खाल्ली त्यानं आत्ताच. अन् तुमी त्याले जुपता? काहून असं करता बापू?"

"अहो, त्यानं कुठं खाल्ली? जाळीत अडकली आहे ती," मी कळवळून म्हणालो. "त्याला काय कळतं? बैल नाही तो. लोखंड आहे, जुनं भंगार आहे नुसतं!"

प्रेमिलाने तोंडाला पदर लावला.

"भंगार कोन म्हनते त्याले?" चंपतराव गरजले. "आमचा बैल हाये थो. पुन्हा असं बोलाचं नाई."

जे ऐकायला मी नागपुराहून आलो होतो ते कानांनी ऐकलं, आणि हातातली साखळी निमूटपणे सोडली. टपावरून देवराव म्हणाले, "मामाजी, मग जीप निघायची कशी? आज तर सगळ्यांचेच बैल सुट्टीवर."

चंपतरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुट्टी बैलाले असते," ते म्हणाले. "जवायाले कोनी देल्ली?"

देवराव सफारीसकट साखळीला डावीकडून लागले, मी उजवीकडून. जीप निघेपर्यंत आमची जोडी बरी चालली होती, असं प्रेमिला अजून सांगते.