कुंचला चाहिए, बारीक!

"हा ब्रश आहे?" विजयाने विचारलं. "याने वेलबुट्टी काढू, की भिंती रंगवू?"

तेलीबागच्या दुकानातून आणलेला तो चार बोटं रुंद ब्रश रमाकांतरावांनी पिशवीत परत घातला. त्याआधी आलमबागहून आणलेल्या ब्रशचे निम्मे केस मखराच्या पांढऱ्या खांबाला चिकटले होते, मांजर अंग घासून गेल्यासारखे. उद्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती बसायचा होता. यंदा मखरावर आपण हाताने लाल वेल काढू, सोनेरी कागदाचं कातरकाम आता पुरे, असं विजयाने भर सभेत सांगून टाकलं होतं. दरवर्षी ते कातरकाम करणाऱ्या सुलभावहिनी तेव्हा नुसत्या हसल्या होत्या. त्या हसण्याने विजयाची झोप उडाली होती.

"नीट ऐका. पानांना चपटा, देठांना गोल आणि बारीक. मऊ केसांचा. संध्याकाळपर्यंत आला नाही, तर वहिनींचा कागदच लागणार!"

बँकेने लखनौला बदली केल्यापासून रमाकांतरावांचं एक ठाम मत झालं होतं. मराठीतला जड शब्द उचलून ठणकावून म्हटला, की शुद्ध हिंदी होते. 'ब्रश' म्हटल्यावर लोक भलतंच काढून देतात, तर दोष त्या शब्दाचाच असणार. अमीनाबादेतल्या पहिल्याच दुकानात त्यांनी ऐटीत विचारलं, "भैया, कुंचला है?"

"कुचला? वो तो पंसारी के यहाँ मिलेगा।"

आता तिकडे कुचला म्हणजे काजऱ्याची बी, जालीम विष. हकीम ती शुद्ध करून सांधेदुखीवर देतात. पण हे रमाकांतरावांना सांगणार कोण? ते सरळ पंसाऱ्याच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानासमोर जाऊन उभे राहिले.

"कुंचला चाहिए। एक चपटा, एक गोल। बाल एकदम मुलायम होना।"

ही बी नेमकी चपटी, वाटोळी आणि मऊ लव असलेलीच असते. म्हाताऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक जाणकार वाटलं.

"उम्दा माल है, जनाब। किसके लिए?"

"बीवी के लिए।"

"घुटनों में तकलीफ़ है?"

"उसको कुछ तकलीफ़ नहीं। तकलीफ़ मेरे को है! सुबह से जान खा रही है। आज के आज काम खतम करना है।"

दुकानदाराचा हात बरणीवरच थबकला. "हुज़ूर, तशरीफ़ रखिए। पानी पीजिए। मियाँ-बीवी में कहा-सुनी तो होती रहती है।"

"पानी नको हो! कुंचला दो। बारीक दो!"

"पिसा हुआ माँग रहे हैं!" म्हातारा ओरडला.

झालं. गर्दी जमली. "रंगाने का है! लाल रंग!" असं रमाकांतराव घसा फोडून सांगत होते, आणि शेजारच्या कापडवाल्याने त्याचा अर्थ थेट रक्ताशी लावला. अशा माणसाला एकटं सोडायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं. दोघांनी त्यांचे दंड धरले, टेम्पोत बसवलं आणि पत्ता विचारून थेट घरी आणलं. वाटेत त्यांना संसारावर भरपूर उपदेशही ऐकवला.

विजयाने दार उघडलं.

"शुक्र है, बहनजी, आप सलामत हैं!" दुकानदार म्हणाला. "ये ज़हर माँग रहे थे। हमने दिया नहीं।"

विजयाने नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. संध्याकाळ झाली होती, आणि आत सुलभावहिनी सोनेरी कागद पसरून बसल्या होत्या. कात्री चालवता चालवता त्यांनी लाडिक आवाजात विचारलं, "विजया, खांबाला पानं मोठी कापू, की लहान गं?"

"थोड़ा-सा तो दे देते, भैया," विजया म्हणाली. "घर में मेहमान आई हैं।"