डबा खोटं बोलत न्हाई

समोर पोरगं हुंदके देत बसलेलं असतं. आता समुपदेशकानं हळू आवाजात काहीतरी धीराचं बोलावं, अशी वेळ असते. आणि आमच्या पंचशीलाताई विचारतात, "डबा कुठाय तुजा? काढ भाईर. उघड."

पोरगं बावचळतं, रडायचं विसरतं, पिशवीतून डबा काढतं. ताई पदराला हात पुसतात, भाकरीचा एक तुकडा मोडतात, चटणीत बुडवतात आणि डोळे मिटून निवांत चावत बसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई अधाशी आहे. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा खात्रीच पटली.

मी नांदेडचा. मानसशास्त्राची एक पदवी, तिच्यावर आणखी एक, आणि त्या दोन्हींचा माज घेऊन चार वर्षांपूर्वी लातूरच्या एका कॉलेजात समुपदेशक म्हणून लागलो. आमचं केंद्र म्हणजे प्रयोगशाळेमागची एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. पंखा माझ्या टेबलावर फिरतो. ताईंच्या टेबलावर कागद म्हणून नाही. एक स्टीलचा पेला आणि एक चमचा. कॉलेजात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात हेच काम केलेलं. पूर्ण नाव पंचशीला सोनकांबळे. स्वतःची ओळख करून देताना आडनाव जरा मोठ्यानं सांगायची त्यांना सवय आहे.

लातूरला डॉक्टर व्हायला आलेली पोरं रूम करून राहतात आणि आयांच्या हातचं जेवण एसटीनं येतं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. जळकोट, अहमदपूर, किल्लारीच्या मुक्कामी गाड्या पहाटे निघतात, त्यांत डबे असतात. डब्यावर ऑइलपेंटनं पूर्ण नाव आणि गाव. दहाच्या सुमाराला स्टँडवर डब्यांची रांग लागते, पोरं येतात, आपापला डबा उचलून आदल्या दिवशीचा रिकामा ठेवून जातात. ताई रोज सकाळी तिथल्या बाकड्यावर बसलेल्या. कॉलेजात येतात साडेअकराला. प्राचार्यांनी एकदा खुलासा मागितला तर म्हणाल्या, "पेशंट स्टँडवर येतेत, साहेब. हाफिसात त्येंचे निस्ते फॉर्म येतेत."

रिकामा डबा उचलून त्या त्याची खुळखुळ ऐकतात. अहो, खरंच! किल्लारीच्या एका पोराचा डबा आठवडाभर चाटूनपुसून रिकामा जात होता. मी म्हटलं, चांगलं आहे की. ताई म्हणाल्या, "लातूरची हवा खाल्लेलं पोरगं दुधीची भाजी चाटून खाईल? काय बोलता सर!" निघालं असं, की तो डबा रूमवरच्या दुसऱ्या पोराच्या पोटात जात होता. त्याच्या घरून डबा यायचा बंद झाला होता आणि दोघंही कुणाला बोलले नव्हते. माझ्या फॉर्मवर त्या दोघांनीही 'सर्व काही ठीक' या चौकटीत खूण केली होती. "डबा खोटं बोलत न्हाई," ताई म्हणाल्या. हे वाक्य दिवसातून चारदा ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

त्या फॉर्मवर त्यांचा भारी राग. 'आपण आपल्या भावना वडिलांशी मोकळेपणाने बोलता का?' हा प्रश्न त्या चष्मा सावरून मोठ्यानं वाचायच्या. "जळकोटकडच्या बापाम्होरं भावना? बाप म्हनंल, ताप आलाय का तुला? कोन लिवलंय हे? कधी हिकडं आलता का त्यो?" फॉर्म माझ्याच एका गुरुजींनी तयार केला होता. मी पुढचा फॉर्म भरायला घ्यायचो.

मग आरतीचं प्रकरण आलं.

आरती वाघमारे, जळकोट तालुक्यातली. वडील दुसऱ्याचं रान बटईनं करतात, आई रोजानं जाते. पोरगी हुशार, अकरावीला वर्गात पहिली. बारावीच्या दसऱ्यानंतर मात्र चाचणीचे गुण धाडधाड खाली आले. माझ्याकडे तिची तीन सेशन झाली. मी फॉर्म भरला, 'परीक्षेचा ताण' असं लिहिलं आणि तिला श्वास मोजायला शिकवलं. पोरगी निमूटपणे श्वास मोजायची आणि दर आठवड्याला आणखी वाळायची. वडील म्हणाले होते, जमत नसलं तर घेऊन जातो, एक स्थळ चालून आलंय. म्हणजे मे महिन्यातली डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा तर राहिलीच, पोरगीच हातची जात होती.

आणि दसऱ्याला तिला नवी रूम मीच मिळवून दिली होती, ती माझ्याच घरमालकीणबाईंकडे. विमलकाकू. मी वरच्या मजल्यावर, खाली तीन पोरी. पोरींनी दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात डबे गरम करून जेवायचं, असा नियम. काकू फार मायाळू. दर गुरुवारी मला वाटीभर शिरा जिना चढून आणून देतात. पोरगी माझी विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी जास्त काही विचारलंच नाही.

एके सकाळी ताईंनी मला स्टँडवर बोलावून घेतलं. जळकोटची गाडी नुकतीच लागली होती. त्यांनी एक डबा माझ्यापुढं धरला. "वाचा."

'आरती', आणि पुढं काहीच नाही. पुढच्या आडनावाचा रंग कशानंतरी खरवडून काढलेला, आत पत्र्याचा पांढरा चट्टा.

"कर्कटकानं खरवडलंय," ताई म्हणाल्या. "अन उचलून बगा. कालचा डबा हाय, तिनं वापस ठिवलेला."

डबा जड होता. भाकरी तशीच्या तशी होती.

दुपारी ताईंनी आरतीला बोलावलं. त्या दिवशीचा डबा उघडला, घास मोडला, डोळे मिटून खाल्ला. "शेंगाची चटनी लई गुनाची केलीय तुज्या मायनं," म्हणाल्या. "कामून खाईनास?" एवढंच. तीन सेशनमध्ये मी जे काढू शकलो नाही, ते पोरीनं पाच मिनिटांत सांगितलं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी डब्यावरचं आडनाव वाचलं होतं. रागावल्या वगैरे मुळीच नाहीत. गोड आवाजात म्हणाल्या, "बाळ, तुजा डबा जिन्यातच ठेवत जा. आमच्यात देवाचं असतंय." जिन्यात एक वेगळा पेलाही ठेवला, पालथा. आत बाकीच्या दोघी हसतखेळत जेवायच्या आणि ही पायरीवर, मी त्या वेळी कॉलेजात. आरतीनं नाव खरवडून पाहिलं, पण काकूंना ते आता पाठ झालं होतं. "दोन दिवस खाल्लं, मॅडम. मग घशाखाली उतरंचना."

माझ्या तोंडातून निघालं काय, तर, "काकू मनानं वाईट नाहीत हो."

"मनाचं मी इचारलंच न्हाई," ताई म्हणाल्या. "डब्याचं इचारलं."

"ताई, मी स्वतः जात मानत नाही—"

"तुमाला मानायची गरजच कवा पडली? लातुरात रूम बघायला किती दिवस लागले तुमाला?"

एक दुपार लागली होती. काकूंनी आडनाव विचारलं होतं, मी सांगितलं होतं आणि त्यांनी किल्ली दिली होती. चार वर्षं मी समजत होतो की माझा चेहरा सज्जन आहे. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

मी म्हटलं, दुसरी रूम बघू. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लेकराला इचारा की. ऱ्हायचं तिला हाय."

आरतीनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "मला तिथंच ऱ्हायचंय. पर जिन्यात न्हाई जेवायचं."

"झालं तर मग!" ताई उठल्या. "हिला कायबी झालेलं न्हाई, सर. बिमारी त्या घरात हाय. इलाज तितंच करावा लागंल. श्वास मोजून लेकरू आत जेवायला बसत नसतंय."

सोमवारी दुपारी ताई काकूंच्या दारात हजर. भांडण नाही, आवाज नाही. "आरतीला आत घ्या," एवढंच म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "अहो, आमच्या घरातली रीत हाय ती."

"बरं. तुमची रीत जोवर हाय, तोवर मीबी जिन्यात," असं म्हणून ताई तिसऱ्या पायरीवर ऐसपैस बसल्या. शेजारी आरती. मधोमध डबा.

आता गंमत बघा. वर जायला तो एकच जिना, आणि ताईंचा देह तसा ऐसपैसच. पहिल्या दिवशी ताईंच्या मागोमाग आलेला मी "जरा सरका" म्हणत, त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालत वर गेलो. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाताना काकूंच्या यजमानांचा पाय मुरगळता मुरगळता वाचला. तिसऱ्या दिवशी शेजारणी कंपाउंडच्या भिंतीवरून बघू लागल्या. ताई त्यांनाही बोलवायच्या, "या की बाई, चटनी खाऊन बगा." मी विचारलं, कायदा आहे ना, त्यानं जाऊ या की सरळ. त्या म्हणाल्या, "कायदा माज्या पिशवीत हाय. आरती म्हनली की लगेच काढते. आदुगर ती म्हनतीया तसं."

चौथा दिवस गुरुवार होता. काकू शिऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि पायरीशी अडल्या. खाली त्या दोघी, वर मी. तुपाचा वास सुटलेला. काकूंनी तिथूनच हात लांब करून वाटी माझ्याकडे केली. आरतीनं मान खाली घातली.

मी खाली उतरलो. चार वर्षं ज्या बाईनं आईसारखं केलं, तिला बोलायचं होतं. म्हटलं, "काकू, आजपासून माझंबी वाढलेलं जिन्यातच द्या. आणि पेला पण तो पालथा, हिच्या शेजारचा." आणि आरतीच्या खालच्या पायरीवर बसलो.

ताईंनी नुसता तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "बसा. फॉर्म भरू का तुमचा?" म्हणाल्या.

दोन दिवसांनी आतल्या दोघी पोरीही आपापले डबे घेऊन बाहेर आल्या. रविवारी जिना भरला. स्वयंपाकघरात काकू एकट्या उरल्या, गॅस पेटवून, कुणाचा डबा गरम करायचा ते न कळून. आठव्या दिवशी दारात आल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आत या समदे. आरती, तूबी ये. शेजारी काय म्हनायलेत, मला लाज यायलीय."

मला वाटलं, ताई आता काहीतरी सुनावतील. त्या डबा उचलून सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, "पाट कुठायत?" नंतर मी म्हटलं, काकूंचं मन काही बदललेलं नाही, लोकलाजेनं बोलावलंय. "बोलवलं का न्हाई? लेकरू जेवलं का न्हाई? बस. मनाचं बगू फुडल्या वर्षी. मी कुटं मरायलेय का?"

आरतीनं वीस-पंचवीस दिवसांत अंग धरलं. चाचणीत पुन्हा वर आली. तिचे वडील भेटायला आले ते स्थळाचा विषय न काढताच परत गेले. रंगाची छोटी डबी आरतीनं स्वतः विकत आणली आणि स्टँडच्या बाकड्यावर बसून पांढऱ्या चट्ट्यावर आडनाव लिहिलं. आधीपेक्षा मोठं.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. येळवसला लातूरमध्ये माणूस राहत नाही. ज्याला शेत आहे तो शेतात पांडव पुजून भज्जी-उंडे खायला, ज्याला नाही त्याला कुणीतरी बोलावतं. काकूंनी मला बोलावलं होतं. आरती गावी गेली होती. मी ताईंना विचारलं, तुम्ही कुठं? "आमी पांडवं पुजत न्हाई, पर भज्जी सोडत न्हाई," म्हणून हसल्या. कुठं, ते सांगितलं नाही.

काकूंच्या शेताकडे निघालो तर वाटेत स्टँड. सगळा रिकामा. आणि बाकड्यावर ताई बसलेल्या. आज कुणाचा डबा येणार होता? पोरं सगळी गावी. मी थबकलो आणि मग एकेक गोष्ट डोक्यात यायला लागली. चार वर्षांत मी ताईंचा स्वतःचा डबा कधीच पाहिला नव्हता. याच्या डब्यातला एक घास, तिच्या डब्यातला एक घास, ते त्यांचं दुपारचं जेवण होतं. मी त्यांना अधाशी ठरवलं होतं. त्यांच्या घरी कोण आहे, हे मी कधी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि म्हणे समुपदेशक!

मी जाऊन शेजारी बसलो. तेवढ्यात जळकोटची गाडी आली, दोन माणसं आणि एक बोकड घेऊन. वाहक खाली उतरला, हातात नवाकोरा डबा. "पंचशीला सोनकांबळे कोन हाय?"

ताई उठल्याच नाहीत. मीच डबा घेतला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याच रंगात, आरतीच्या अक्षरात नाव होतं, पूर्ण.

जगाचे डबे विचारल्याशिवाय उघडणारी ही बाई त्या नावावरून नुसतं बोट फिरवत राहिली. मी म्हटलं, "उघडा की ताई."

"मी हितं शिकायला व्हते तवा माय डबा धाडायची," त्या म्हणाल्या. "पर नाव टाकू देत न्हवती. म्हनायची, नाव वाचून लोकं डबा फेकून देतेन. बिननावाचा डबा, सर. कुनीबी उचलून न्यायचं. मी ह्याच बाकड्यावर बसून ऱ्हायची. माय गेली, तवापून तर डबाच न्हाई."

चार वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. 

मग ताईंनी पदराला हात पुसले आणि झाकण काढलं. डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, एका बाटलीत आंबील. त्यांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि पहिला घास माझ्यापुढे धरला.

मी खाल्ला. मग त्या डबा जवळ ओढून घेऊन जेवायला बसल्या. डबा रिकामा होईपर्यंत मीही तिथंच बसून राहिलो.