गोड बोलण्याचं व्रत

संक्रांतीच्या दिवशी कुणावरही ओरडायचं नाही, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं हो! आणि संध्याकाळी अख्खी गल्ली माझ्या दारात गोळा झाली होती.

चूक माझी नाही. चूक पुण्याहून आलेल्या त्या बाईंची. आमच्या महिला मंडळात त्यांचं व्याख्यान झालं, 'रोजच्या आईपणातला आनंद'. म्हणे, "मुलांशी हळू बोला, आनंद आपोआप गवसेल." (बाईंच्या साडीची इस्त्री इतकी कडक होती, की त्यांच्या घरात मूल असणं शक्यच नव्हतं.) माझं डोकं तिथेच तापलं. पण परत येताना वाटलं, तिळगूळ देऊन जगाला गोड बोला सांगायचं आणि घरात सकाळपासून भुंकायचं, हे काही बरं नव्हे.

येलहंक्यात आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. त्यामुळे संक्रांतीला आमच्याकडे तिळाचे लाडू तर हवेतच, वर इथल्या कानडी लोकांसारखं एळ्ळु-बेल्लाही हवं. म्हणजे खोबऱ्याचे आणि गुळाचे मुगाएवढे तुकडे करायचे, त्यात तीळ, शेंगदाणे, डाळं मिसळायचं. शिवाय लाकडी साच्यात पाक ओतून साखरेचे पोपट काढायचे. मग मुलीने नवा परकर नेसून हे सगळं ताटातून घरोघर द्यायचं. तुकडे करून माझी बोटं सोलून निघाली होती. आमचे बिंदुमाधवराव नव्या केबलवर क्रिकेट बघत मला मदत करत होते, म्हणजे शेंगदाणे खात होते.

दुपारी ताट भरायला गेले, तर एकाही पोपटाला डोकं नाही. सात वर्षांची आमची लेक भूमिका चिकट ओठांनी समोर उभी.

"मी फक्त चाटले," ती म्हणाली, "चावले नाहीत."

उष्टे पोपट आता कुणाला द्यायचे? तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक. मग हसून म्हणाले, "असू दे हं बाळा. होतं असं कधीकधी."

पोर पांढरीफटक पडली. माझ्यावरची नजर न काढता मागे मागे सरकत दारापर्यंत गेली आणि पळत सुटली.

बिंदुमाधवरावांनी टीव्हीवरून मान वळवली. "तुला बरं नाही का?"

"छान आहे मी. थोडी कॉफी करू का तुमच्यासाठी?"

गृहस्थ खुर्चीतून उठलाच. "भार्गवी, मी काय केलं?"

"काही नाही हो. बघा तुम्ही मॅच."

"बघा? म्हणजे फारच मोठं काहीतरी केलंय मी!" असं म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला आणि स्टुलावर चढून पंखा पुसायला घेतला. (तो पंखा आमच्या लग्नातला. त्याला फडकं असं प्रथमच लागलं.)

ऊन उतरलं तरी भूमिकेचा पत्ता नाही. मी दारात उभी राहून मंजुळ आवाजात हाक मारली, "भूमिका, राणी, ये गं घरी." उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. बिंदुमाधवराव स्कूटर काढून बाजाराकडे गेले. शेजारच्या सत्यवतीअक्का धावत आल्या, मागोमाग अख्खी गल्ली.

"अय्यो भार्गवी, स्वल्प जोरात हाक मार की!"

"मी आज ओरडत नाही, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्यांचाच राग आला.

मी मागच्या अंगणात धावले. भिंतीलगतच्या, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीवरचं लोखंडी झाकण अर्धवट सरकलेलं होतं. सकाळी पाणी किती आलं ते बघून आमच्या साहेबांनी ते तसंच टाकलं होतं. शेजारी भूमिकेची एक चप्पल. खाली काळं पाणी.

व्याख्यान, व्रत, सण, सगळं गेलं खड्ड्यात.

"भूमेऽऽऽ! असशील तिथून आत्ताच्या आत्ता समोर ये, नाहीतर तंगडी मोडून हातात देईन!"

"आलेऽऽ!"

आवाज भिंतीपलीकडून आला. सत्यवतीअक्कांच्या पेरूच्या झाडावरून कार्टी भिंतीवर उतरली, तिथून अंगणात उडी मारली आणि थेट मला येऊन बिलगली. भिंत चढतानाच तिची चप्पल निसटली होती. मी आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरली, मग आणखी एक धपाटा घातला. दोघीही रडत होतो.

"हाका ऐकू येत नव्हत्या का गं तुला?"

"येत होत्या. पण तू पाहुण्यांशी बोलतेस तसं बोलत होतीस." तिने नाक माझ्या पदराला पुसलं. "मला वाटलं, आता मी तुझी नाही."

त्या पुणेकर बाई समोर असत्या, तर त्यांची इस्त्री मोडली असती मी! आईपणातला आनंद म्हणे. तो माझ्या घशात होता आणि मी त्यालाच कुलूप घालायला निघाले होते. पोरीला मी इतकी घट्ट धरली होती, की तीच म्हणाली, "आई, सोड ना, दुखतंय."

तेवढ्यात गल्लीत धडाधड फाटकं वाजली. पाच-सहा पोरं खेळ टाकून आपापल्या घरी पळत होती. दारातली गर्दीही पांगली. सत्यवतीअक्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सरी, बरं झालं, आवाज आला एकदाचा! सकाळपासून तू गप्प, म्हणून आमची दोन्ही नातवंडं अजून आंघोळीला गेली नाहीत बघ." त्या जाता जाता वळल्या. "आणि उद्या शाळा आहे. आमच्या गजराच्या घड्याळातला सेल तर आम्ही तुझ्या भरवशावर दिवाळीतच काढून रेडिओत घातलाय. तेव्हा सकाळी विसरू नको हं."