अण्णांना बारीक शब्द हवा

परवा एका मर्तिकाच्या घरी सगळे खाली माना घालून बसलेले असताना अण्णा माझ्या कानाशी लागले. "मास्तरा, क्यू आसा आनी यू ना. कितां करूं?"

मला वाटलं, गेलेल्याबद्दल काही बोलतायत. मी डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला. तो इतका मोठा झाला की समोरच्या म्हाताऱ्याने उठून माझंच सांत्वन केलं.

अण्णा म्हणजे आमचे पेडण्यातले शेजारी. दोन्ही घरांना मिळून एकच कुंपण. त्यांची सगळी नोकरी डिचोलीच्या खाणीवर ट्रकांची वजनं करण्यात गेली. खाण बंद पडली, अण्णा घरी बसले आणि त्यांच्या हातात मोबाइल आला. त्यावर एक खेळ. वाट्याला सात अक्षरं येतात, त्यांतून इंग्रजी शब्द जुळवून पटावर लावायचा, मग समोरच्याची पाळी. समोर कोण, ते अण्णा सांगत नसत. "आसा एक," एवढंच.

शब्दासाठी ते कोणालाही सोडत नाहीत. सकाळी पोदेर सायकलवर पाव घेऊन भोंपू वाजवत आला की त्याला अडवतात. "पी आयलो. शब्द सांग."

"पांव," पोदेर म्हणाला.

"तो इंग्लीश न्हय मरे!"

"मागीर इंग्लीश लोक खातात कित्याक?" असं म्हणून तो पुढे गेला. यावर अण्णा दिवसभर विचारात होते. चवथीला, गणपतीच्या आरतीत तर त्यांना 'व्ही'चा शब्द आठवला म्हणून त्यांनी झांजच खाली ठेवली, आणि पुढची आरती आम्ही प्रत्येकाने आपापल्या तालात म्हटली.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. म्हणजे, शिकवतो असं मी म्हणतो. मुलांचं मत वेगळं असावं. घरीही माझ्या इंग्रजीला भाव नाही. बायको म्हणते, "इतकां इंग्लीश येता जाल्यार गॅसवाल्याक फोन लावा. तो कोंकणीत आयकना." अशा माणसाला अण्णांसारखा विचारणारा भेटला की काय होईल? मी सकाळच्या चहाबरोबर शब्दकोश घेऊन बसू लागलो. आठ-आठ अक्षरी भारदस्त शब्द काढून कुंपणावरून ओरडू लागलो.

"व्हड जाता," अण्णा हात झाडत म्हणायचे. "बारीक सांग, बारीक."

जन्मभर भरलेले ट्रक मोजलेल्या माणसाला शब्द मात्र हलका हवा! माझा अपमान व्हायचा. एवढी विद्वत्ता कुंपणावरून परत यायची आणि अण्णा 'इट', 'इन', 'ऑन' असं काहीतरी लावून खूश.

पण गेल्या रविवारी माझा दिवस आला. अण्णांच्या हातात सात अक्षरं होती आणि मला त्यांत एक अख्खा शब्द दिसला: इक्विनॉक्स. दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस. खेळातली वाटायची अक्षरं संपली होती. हातातली सगळी जो लावेल त्याची जीत. मी आनंदाने कुंपणाचा एक खांब हलवून ठेवला.

अण्णांचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, "देवीक विचारूंया."

आमच्याकडे लग्न, विहीर, जमीन, काहीही ठरवायचं तर देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. इंग्रजी शब्दासाठी कौल लावणारे अण्णा पहिलेच. गुरवाने सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि विचारलं, "खेळ कोणावांगडा? देवीक नांव सांगूंक जाय."

अण्णा देवळाच्या खांबाकडे बघत हळूच म्हणाले, "शुभा."

गुरवाचं हसू गेलं. माझंही. शुभा अण्णांची एकुलती एक मुलगी, त्यांचं 'चेडू'. इंग्लंडला नोकरीला निघाली तेव्हाही अण्णांनी इथेच कौल लावला होता. डावी पाकळी पडली. "देवी नाका म्हणटा," अण्णा म्हणाले. "पाकळेक व्हिसा कळता?" म्हणून शुभा गेली. कौल मोडला म्हणून अण्णांनी बोलणं टाकलं. तिचा फोन येतो तो काकींना, म्हणजे तिच्या आईला. अण्णा तेवढा वेळ अंगणात माडांना पाणी घालतात. भर पावसातसुद्धा.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली. स्वच्छ, टपकन.

घरी येऊन अण्णा पडवीतल्या सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, बसले. विजयातला भागीदार म्हणून मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्यांनी 'ओ' उचलला, 'एक्स' उचलला, लावले. झालं.

"ऑक्स?" मी ओरडलो. "अण्णा, बैल?"

"बारीक बरो."

बैल नेमका कोण, हे मी विचारलं नाही. "अहो, पण जिंकला असतात! देवीने उजवी दिली होती!"

अण्णा धोतराच्या टोकाने मोबाइलची काच पुसत बसले. "मागच्या खेपेक जिखलों मरे हांव. खेळ सोंपलो. दिवाळी येवन गेली तरी तिणें नवो मांडूंक ना." मग देवळाच्या दिशेने बघत म्हणाले, "देवी हंयच आसा. तिची समजूत काढतलों फाल्यां."

तेवढ्यात मोबाइल किणकिणला. आमच्याकडे जेवायची वेळ, तिच्याकडे सकाळ. शुभाने आपला शब्द लावला होता. काय लावलाय ते वाचायला मी वाकलो. अण्णांनी तिकडे पाहिलंच नाही. ते मान वळवून स्वयंपाकघराकडे ओरडले, "आयकलां गो? चेडू उठलां!"