अप्पांची फरशी

आमच्या शेजारचे अप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी चपला काढतात आणि मग मान वाकडी करून जमिनीकडे बघतात. घरचे "या, बसा" म्हणेपर्यंत त्यांचा निकाल तयार असतो. "उतार मोरीकडे हवा, तुमचा देवघराकडे आहे." एकदा कुणाच्या तेराव्याला त्यांनी बसलेली पंगत उठवून पानांची ओळ सरळ करून घेतली. गेलेल्याचा मुलगा हातात भाताचं पातेलं घेऊन उभाच राहिला.

सगळी नोकरी मोजणी खात्यात काढलेला माणूस. तिसगावपासून घोडेगावपर्यंत भावाभावांची भांडणं आपल्या साखळीनं मिटली, असं ते सांगतात. काही पेटलीही, असं त्यांची बायको, आमच्या नलूवहिनी, सांगतात. 'अंदाजे' हा शब्द अप्पांना शिवीसारखा लागतो. मी एकदा "पाचच्या सुमारास येतो" म्हणालो, तर म्हणाले, "सुमारास म्हणजे किती वाजता, विनायक?"

दोन वर्षांपूर्वी वहिनींना काचबिंदू निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवू. टिकली नाही. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग खिडक्या. उजेड तेवढा कळायचा. कोल्हारातली आमची घरं दाटीतली, आत दुपारीही दिवा लागतो. म्हणून अप्पांनी परसात, पूर्वेच्या अंगाला काचेची खोली काढली. "तिला ऊन दिसलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

काचा आठ दिवसांत उभ्या राहिल्या. फरशीला चार महिने लागले.

तिसगावचे भिमाजी मिस्त्री आले, त्यांनी तीन ओळी बसवल्या. अप्पांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून ते कुठं जातंय बघत राहिले. पाणी एका सांध्याशी थबकलं.

"उचला."

"अप्पा, लई बारीक फरक हाय. डोळ्याला दिसत बी न्हाई."

"डोळ्याला दिसत नाही म्हणूनच."

तिसऱ्यांदा उचलायला लावल्यावर मिस्त्री थापी ठेवून उठले. "तुमी रानं मोजा. आमी फरशा बसवू."

मग सत्तरीतले अप्पा गुडघ्यांखाली उशी घेऊन स्वतःच बसले. सांधा सारखा राहावा म्हणून दोन फरश्यांच्या मधे काडेपेटीच्या काड्या ठेवायच्या, लाकडी हातोडीनं ठोकायचं आणि कान लावायचा. भिंतीपलीकडून मला ठकठक ऐकू यायची, मग शांतता, मग "पोकळ!" अशी आरोळी. ती फरशी निघायची, खाली सिमेंटचा नवा माल पडायचा. सांधे भरताना तर ते प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवायचे. सिमेंटनं बोटांची सालपटं निघाली. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तुझा हात अंदाजे चालतो."

सगळी फरशी गुळगुळीत पॉलिशची, पण दारापासून खुर्चीपर्यंत एक पट्टा त्यांनी खरखरीतच ठेवला.

"ही ओळ पॉलिशची राहिली, अप्पा."

"राहिली नाही. ठेवली."

शेवटी पाणी मुरू नये म्हणून फरशीला सीलरचे दोन हात दिले आणि कुणी पाय ठेवू नये म्हणून तीन दिवस दाराला दोरी बांधली.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मला बोलावणं आलं. वहिनी अनवाणी दारात उभ्या होत्या. अप्पांनी त्यांचा हात धरला नाही. स्वतःचेच दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. वहिनींनी पायाच्या बोटांनी चाचपलं, खरखरीत पट्टा सापडला, आणि त्यावरून एकेक पाऊल टाकत त्या एकट्या खुर्चीपर्यंत गेल्या. कुठं ठेच नाही, अडखळणं नाही.

"जमलं की हो!" त्या बसत म्हणाल्या. किती दिवसांनी त्या कुणाच्या आधाराशिवाय चालल्या होत्या.

खोली उन्हानं भरली होती. मला डोळे किलकिले करावे लागत होते. वहिनींनी चेहरा या बाजूला वळवला, मग त्या बाजूला.

"अहो, पडदे लावलेत का?"

पडदे कुठंच नव्हते. मी अप्पांकडे पाहिलं. ते काचेकडे बघत होते.

"नाही गं. आभाळ भरून आलंय आज," ते म्हणाले. "आलंय ना रे, विनायक?"

"हो," मी म्हणालो. "सकाळपासूनच."

वहिनींनी मांडीवरचा हात उलटा केला. तळव्यावर ऊन पडलं होतं, चांगलं कडक. त्यांनी बोटं हळूच मिटून घेतली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बसा तुम्हीपण. निवळेल आभाळ थोड्या वेळानं."

अप्पा खाली फरशीवर, वहिनींच्या खुर्चीला टेकून बसले.