खानविलकर सरांची लाल खूण

खानविलकर सर आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, ते पानावर बसायच्या आधी आमचा फ्रिज तपासून मोकळे झाले. आतून नव्हे, बाहेरून. दारावर मी कचऱ्याची यादी मराठीत उतरवून लावली होती: कुठल्या वारी जळणारा कचरा, कुठल्या वारी प्लास्टिक, कुठल्या वारी बाटल्या. सरांनी खिशातून लाल पेन काढलं, एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत खाली आले, 'जुनी वर्तमानपत्रं' या ओळीपुढे बारीक अक्षरात 'सुतळीने बांधून' असं घातलं आणि तळाशी शेरा दिला: 'चांगले. वाव आहे.' मग हात धुऊन जेवायला बसले. वाव माझ्या आमटीतही होता, पण तो त्यांनी तोंडी सांगितला.

सर सेंदाईच्या विद्यापीठात धातुशास्त्रातले संशोधक. वीस वर्षं इथेच आहेत. त्याआधी पुण्यात एका कॉलेजात शिकवायचे आणि उन्हाळाभर पेपर तपासायचे. माझा नवरा म्हणतो की विद्यार्थी परीक्षेतून सुटतो, परीक्षक कधीच सुटत नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळाची गणपतीची पत्रिका त्यांच्याकडे गेली की शेऱ्यासकट परत यायची. देशपांडे दांपत्याच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी शुभेच्छापत्रावर दहापैकी साडेआठ दिले होते. दीड गुण कुणाचे कापले, यावरून त्या घरात बरेच दिवस चर्चा चालू होती.

"उत्तर बरोबर, पायऱ्या गाळल्या," हे त्यांचं आवडतं वाक्य. पिठलं गुठळ्यांचं झालं तरी हेच, कुणी घाईघाईने नोकरी सोडली तरी हेच.

घरी ते एकटे. २०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा निनाद, त्यांचा मुलगा, इथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत होता. सतत धक्के बसत होते आणि रोज काहीतरी भयंकर बातमी यायची, तेव्हा सरांच्या पत्नी सुजाताताई त्याला घेऊन पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्या. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, मग ताईंचे वडील आजारी पडले, मग निनादला तिथल्या शाळेत वर्षाच्या मधेच घातलं. भांडण नाही, तंटा नाही. परत येणं तेवढं राहून गेलं. सर दर रविवारी फोन करत. निनाद "हं" आणि "ठीक" या दोन शब्दांत आठवडा आटपायचा. "हुशार आहे, पण आत्मविश्वास नाही," सर आम्हाला सांगत. "लहानपणापासूनच. आलेलं उत्तर खोडायचा."

अशा माणसाला आइस हॉकीचं वेड कसं लागलं, याची कथा सरळ आहे. सुपरमार्केटच्या सोडतीत दोन तिकिटं लागली आणि स्केटचं पातं कुठल्या पोलादाचं असतं ते बघायला सर गेले. पोलाद राहिलं बाजूला, सर तिथेच रुतले. माझ्या नवऱ्याला थंडी सोसत नाही, म्हणून दुसऱ्या तिकिटावर मी गेले, आणि मग जातच राहिले. सरांचा चिवडा हे त्यामागचं एक कारण.

आमचा संघ तसा गरिबीतला, पण चाहते कडवे. आमच्या रांगेच्या प्रमुख ताकाहाशी-सान. सत्तरीच्या बाई, जेवणाच्या डब्यांचं दुकान चालवतात आणि सामन्यात ढोल बडवतात. त्यांचा लाडका खेळाडू हागा-सान, दहा वर्षं गोलकीपरच्या पुढे भिंतीसारखा उभा राहिलेला रक्षक. आणि त्या वर्षी ऐन मोसमात संघाने हागा-सानला दुसऱ्या संघाला दिलं आणि बदल्यात वीस वर्षांचा ओनोदेरा नावाचा रक्षक घेतला. पार उत्तरेतल्या कुशिरोहून आलेला, काटकुळा, हेल्मेटखाली नुसते कान दिसणारा.

जपानी चाहते शिव्या देत नाहीत. ओनोदेराच्या काठीवरून चकती, म्हणजे या खेळातला चेंडू, निसटली की ताकाहाशी-सान ढोलावरची काडी खाली ठेवत आणि म्हणत, "वाकाइ देसु ने." तरुण आहे, नाही का? सगळी रांग मान डोलावून म्हणे, तरुण आहे खरा. मला पहिल्यांदा वाटलं, कौतुक चाललंय. तिसऱ्या सामन्यापर्यंत कळलं, यापेक्षा शिवी परवडली असती.

एकटे सर त्याच्या बाजूने. "वैशाली, वर्षाच्या मधेच नव्या शाळेत घातलेलं पोर आहे ते," ते मला म्हणाले. "त्याला अजून बाक कुठला ते माहीत नाही, आणि ही मंडळी निकाल लावायला बसली."

निकाल लावायचा तर रीतसर लावावा, असं सरांचं मत. त्यांनी एक तक्ता आखला. वर लाल पेनने ओनोदेराचा नंबर, खाली इंग्रजीत रकाने: पास, अडवणूक, जागा सोडून पुढे येणं, फटक्यासमोर उभं राहणं. सामना चालू असताना घड्याळातली वेळ लिहायची आणि पुढे खूण करायची. सामना संपला की तळाशी 'गाम्बात्ते कुदासाइ', म्हणजे 'नेट लावा', एवढं त्यांना येत असलेलं जपानी लिहायचं, मागे आपला पत्ता घालायचा आणि बाहेरच्या चाहत्यांच्या पत्रपेटीत टाकायचं. तक्ता ते मांडीवर पाकिटाआड धरत. परीक्षकाने गुण उघडे करू नयेत म्हणे.

नोव्हेंबरात त्या पोराची एक खोड होती. समोरचा चकती घेऊन आला की आपली जागा सोडून थेट बर्फावर आखलेल्या लांबच्या निळ्या रेघेपर्यंत धावून जायचा आणि तिथेच त्याला अडवायचा. कधी फसायचं, पण जमलं की अंगावर काटा यायचा. सर पेन सरसावून म्हणायचे, "बघितलंस? पायऱ्यांसकट!"

जानेवारीपर्यंत हे बंद झालं. ओनोदेरा आपल्या गोलाला चिकटून उभा राहू लागला. चकती आली की डोळे मिटून लांब भिरकावायचा. रांगेतले लोक आता "तरुण आहे" असंही म्हणेनात. सर कासावीस झाले. "पुढे का येत नाही हा? येतं की त्याला! माझ्या निनादसारखंच, आलेलं उत्तर खोडतोय." आणि ते दुप्पट बारकाईने तक्ते भरू लागले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी सर माझ्याकडे आले. हातात पाकीट, चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. ओनोदेराने उत्तर पाठवलं होतं. जपानीत असल्यामुळे सरांना वाचता येईना. वीस वर्षांत त्यांनी पोलादांची नावं आणि भाजीच्या पाट्या एवढंच वाचायला शिकून घेतलंय.

मी चहा टाकला आणि वाचायला लागले. अक्षर शाळकरी, भाषा अतिशय अदबीची. 'आपण प्रत्येक सामन्यात माझ्या चुका वेळेसकट दाखवून देता, याबद्दल ऋणी आहे. त्या मी एकेक करून बंद करत आहे. पुढे धावून जाणं पूर्ण थांबवलं. मधून पास देणंही थांबवलं. तरी खुणा संपत नाहीत. हागा-सानच्या जागी मी शोभत नाही, हे मला समजलं आहे. मोसम संपला की खेळ सोडून वडिलांच्या मासळीच्या दुकानात जाण्याचा विचार आहे. एवढा वेळ दिल्याबद्दल आभार.'

"चुका?" सर म्हणाले. "मी एकही चूक लिहिलेली नाही. चुका मोजायला अख्खी रांग बसलीय. मी फक्त बरोबर केलेलं लिहितो!"

"सर, तक्ता दाखवा."

प्रत होतीच, परीक्षकाने ठेवायचीच असते. मी ती उघडली. पानभर, सुबक, लालभडक बरोबरच्या खुणा.

मी इथल्या प्राथमिक शाळेत इंग्रजीची मदतनीस आहे. पहिल्याच आठवड्यात मी मुलांच्या कागदांवर अशाच खुणा केल्या होत्या आणि दोन पोरी हमसून हमसून रडल्या होत्या. तेव्हा मुख्य बाईंनी मला समजावलं होतं.

"सर," मी म्हटलं, "इथे बरोबर उत्तराला गोल करतात. ही खूण चुकीच्या उत्तराला."

सरांनी कप खाली ठेवला. त्या पोराने जे जे चांगलं केलं ते ते यांनी वेळेसकट लिहून पाठवलं, आणि त्याने ते ते मन लावून सोडून दिलं. याला हसावं की रडावं ते मला कळेना.

"सगळ्या शाळांत असंच?" त्यांनी विचारलं. "पहिली-दुसरीतसुद्धा?"

"पहिलीपासून."

ते उठले आणि गेले. चहा तसाच राहिला आणि लाल पेनही माझ्या टेबलावर राहिलं, हे त्याआधी कधी घडलं नव्हतं. मला वाटलं, ओनोदेराची काळजी.

दुसऱ्याच दिवशी सामना होता. आम्ही तासभर आधी खेळाडूंच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. सरांनी सगळ्या प्रतींवर प्रत्येक खुणेभोवती गोल काढून आणला होता. ओनोदेरा आला, आणि सरांना बघून पोरगं हेडमास्तर दिसल्यासारखं ताठ झालं. मी सांगितलं की आमच्या देशात ही खूण म्हणजे शाबासकी. त्याने कागद हातात घेतले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"सगळ्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या," मी म्हटलं. सर शेजारी नुसते वाकून उभे होते, आणि चांगले खाली वाकले होते.

आता सामन्यात त्याने चमत्कार केला असं सांगायला मला आवडलं असतं. पहिल्याच मिनिटात तो निळ्या रेघेपर्यंत धावून गेला, समोरच्याने त्याला सहज चकवलं आणि गोल झाला. ताकाहाशी-साननी काडी खाली ठेवली. सर म्हणाले, "पायऱ्या बरोबर, उत्तर चुकलं. चालेल." थोड्या वेळाने तो पुन्हा धावला. या वेळी चकती काठीवर घेऊन, मधून असा पास दिला की आमच्या रांगेतला एक आजोबा उभाच राहिला. "वाकाइ देसु ने!" ताकाहाशी-सान ओरडल्या आणि त्यांनी ढोलावर काडी हाणली. सामना आम्ही हरलो. पण ओनोदेरा पुढच्या मोसमालाही राहिला, हे आधीच सांगून टाकते.

कारण माझ्या डोक्यात घर करून राहिलाय तो त्यानंतरचा रविवार. दुपारी सरांचा फोन आला: "माझं पेन घेऊन ये. आणि तुमच्या शाळेत ते फुलाचं काहीतरी काढतात ना, ते मला शिकव."

मी गेले. टेबलावर एक जुनी वही उघडी होती, मुखपृष्ठावर बेडूक. निनादची, दुसरीतली. संध्याकाळी लॅबमधून येऊन सर त्याला गणितं घालायचे आणि मुलगा झोपल्यावर तपासून ठेवायचे. शाळेच्या वह्या सुजाताताई बघायच्या, त्या सरांनी कधी उघडल्याच नव्हत्या.

"ही मला ती दोघं पुण्याला गेल्यावर कपाटात सापडली," सर म्हणाले. "बघ."

सात आठे. समोर सरांची लाल खूण. खुणेशेजारी छप्पन्न खोडलेलं होतं, कागद फाटेपर्यंत, आणि त्यावर कोवळ्या अक्षरात चोपन्न लिहिलं होतं. पुढचं गणित, तेही खोडलेलं. पानामागून पान. जिथे जिथे बरोबर होतं, तिथे तिथे त्याने खोडून दुसरं काहीतरी करून बघितलं होतं. मागची पानं कोरी होती.

"मग त्याने वही दाखवणंच बंद केलं," सर म्हणाले. "मला वाटलं, गणित आवडत नाही. आत्मविश्वास नाही असं मी गावभर सांगत सुटलो. आठ वर्षांचं पोर गं. बाप रोज रात्री सगळं चूक म्हणतोय, आणि ते रोज नवीन उत्तर शोधतंय." मी पिशवीतून लाल पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

मी त्यांना फूल काढायला शिकवलं. मधे गोलगोल फिरवायचं, भोवती पाकळ्या. इथल्या मुलांना याच्याइतकं मोठं बक्षीस नाही. सरांचं पहिलं फूल फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं आलं. दुसरंही तसंच. पण ते थांबले नाहीत. प्रत्येक खोडलेल्या उत्तराशेजारी मूळ उत्तर लिहून, त्याच्यावर एकेक फूल काढत ते शेवटच्या गणितापर्यंत गेले. मग पानांचे फोटो काढले आणि निनादला पाठवले. सोबत लिहिलं, 'इथली पद्धत मला माहीत नव्हती. चूक माझी.' शेरा नाही, गुण नाहीत.

बराच वेळ काही आलं नाही. मी भांडी विसळली. सर फोन टेबलावर ठेवून समोर बसले होते.

मग फोन वाजला. निनाद स्वतःहून फोन करत नसे, त्यामुळे नाव बघूनही सरांना पटेना. मीच बटण दाबून फोन त्यांच्या हातात दिला. मग एक फुटलेला, पंधरा वर्षांचा आवाज आला, आणि तो मराठीत बोलला नाही. इतक्या वर्षांत त्याने तोंडातून न काढलेल्या जपानीत, दुसरीतल्या पोराने विचारावं तसं त्याने विचारलं, "अत्तेता?"

बरोबर होतं?

"सगळं," सर म्हणाले. "सगळं बरोबर होतं रे, बाळा."