खिम्याचं साळिंदर

सोमवारी सकाळी फोल्कमार नाइहाउसचा उजवा गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा सुजला, आणि शनिवारी त्याला नाचायचं होतं. नगरपालिकेच्या दफनभूमी कार्यालयात सव्वीस वर्षं लोकांना थडग्यांच्या जागा नेमून देणाऱ्या या विधुराच्या वाट्याला नाच कुठून येणार? त्यातून जोडीला समोरच्या टेबलावरच्या टीडेमान बाई!

घोळ तीन आठवड्यांपूर्वीचा. ज्याचा वाढदिवस त्याने कचेरीला खाऊ घालायचं, म्हणून बाईंनी पावावर लावून खायचा डुकराचा कच्चा खिमा साळिंदराच्या आकारात थापून आणला होता. पाठीवर कांद्याचे काटे, डोळ्यांच्या जागी ऑलिव्ह. सकाळभर ते हीटरशेजारी बसून होतं. बाकीच्यांनी चीजवर भागवलं. बाईंनी स्वतः दोन पावांवर खिमा लावून खाल्ला आणि हिरमुसल्या. ते न बघवून फोल्कमारने उरलेलं साळिंदर शेपटीपर्यंत संपवलं आणि त्याच भरात गावच्या उत्सवात माझ्याबरोबर नाचाल का, असं बाईंना विचारून टाकलं. बाई चक्क हो म्हणाल्या.

पुढचे चार दिवस त्याने संडासात काढले. कचेरीला मात्र सर्दी म्हणून कळवलं. नशिबाने बाईही तेव्हा रजेवर होत्या. त्यांच्याकडे नळवाला यायचा होता.

आज गुडघ्याचं कळताच त्याला दवाखान्यात न्यायला बाई गाडी घेऊन दारात हजर. पायांत घरच्या सपाता! घाईत बूटसुद्धा सुचले नाहीत बिचारीला, या विचाराने त्याला भरून आलं.

"गेल्या महिन्यात जुलाब झाले होते?" डॉक्टरांनी विचारलं. बाई शेजारच्याच खुर्चीत होत्या.

"छे! माझं पोट म्हणजे दगड."

"कच्चं मांस?"

"मी? कधीच नाही."

बाई खिडकीबाहेरचा पाऊस बघू लागल्या.

"पोटातल्या जंतूंनंतर सांधे असे सुजतात, नाइहाउस. खरं सांगा, नाहीतर औषध चुकेल."

चुकलं तर चुकू दे, असं ठरवून फोल्कमार म्हणाला, "नुसती सर्दी होती हो."

"जुलाबच झाले होते त्यांना," बाई पुटपुटल्या.

"तुम्हाला काय माहीत?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"नळवाला आलाच नव्हता, डॉक्टर." बाईंनी डावी सपाता काढली. घोटा टम्म सुजला होता.

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"यांनी मिटक्या मारत खाल्लं होतं. कुठल्या तोंडाने सांगू?"

शनिवारी वाद्यं वाजली, सगळं गाव नाचलं. हे दोघे कोपऱ्यातल्या बाकावर, एकाच खुर्चीवर दुखरे पाय टाकून बसले होते.

"पुढच्या वाढदिवसाला केक आणते," बाई म्हणाल्या.

"फार बरं होईल," फोल्कमार म्हणाला. महिन्याभरात तो त्यांच्याशी पहिल्यांदाच खरं बोलत होता.